वर्षभरासाठी परदेशी मुलगी घरी येणार आहे. काय तयारी करू?

आठवी_गल्ली | सोमवार, रात्री ९.४०

कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. मुलगा दहावी झाला आणि क्लबच्या अदलाबदलीतून दहा महिन्यांसाठी बाहेर जातोय. त्याच्या बदल्यात एक मुलगी आमच्याकडे येणार. वय सोळा. देश इटली किंवा ब्राझील, अजून ठरायचंय. पहिले चार-पाच महिने आमच्याकडे, मग दुसऱ्या घरी.

घरात मी, नवरा आणि सासूबाई (वय ७६). बाथरूम एकच. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी, रविवारी मटण. सासूबाईंचं देवघर कडक आहे. नवरा म्हणतो, "हो म्हणून बसलीयस खरी, पण दहा दिवसांत तूच रडशील." मुलाची खोली तिला द्यायची ठरलंय, त्याला आतून कडी आहे. सासूबाई म्हणतात, कडी काढून टाका, पोरीची जात, रात्री काय झालं तर.

ज्यांनी असं कुणाला ठेवून घेतलंय त्यांनी खरं खरं सांगा. "संस्कृतीची देवाणघेवाण" वगैरे क्लबच्या मीटिंगमध्ये ऐकून झालंय.

---

नाद_खुळा | सोमवार, रात्री ९.५२

वहिनी, ब्राझीलची घ्या! वर्ल्ड कपला निम्म्या पेठेत ब्राझीलचे झेंडे आणि निम्म्या पेठेत अर्जेंटिनाचे. ती शाहू स्टेडियमवर मॅचला आली तर पोरं डोक्यावर घेऊन नाचतील. फक्त कुठल्या पेठेची ते आधी ठरवा, नाहीतर इस्कोट व्हायचा.

आणि रस्सा पांढऱ्यापासनं सुरू करा. तांबड्यावर दिवाळीनंतर या.

---

तहसील_ते_मंत्रालय | सोमवार, रात्री १०.३०

आधी कागद. आम्ही एका मुलाला ठेवलं होतं तेव्हाचं सांगतो.

परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. आमच्या वेळी त्याला फॉर्म सी म्हणत. हॉटेलवाले भरतात तोच, फक्त इथं हॉटेलवाले तुम्ही. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत वेगळी नोंदणी. मुंबईला जावं लागत नाही, जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असतं आणि अर्ज ऑनलाइन. नियम बदलत असतात, ती यायच्या आठवडाभर आधी पोर्टल उघडून बघा. "क्लब बघतोय" असं क्लब म्हणेल. तुम्ही पण बघा.

शिवाय विमा, आणि दवाखान्यात उपचार करायला तिच्या आईवडिलांचं संमतीपत्र. आमच्या पाहुण्याला तिसऱ्या आठवड्यात ताप भरला. सलाईन लावायच्या आधी सही कुणाची घ्यायची यावरच अर्धा तास गेला.

---

कसबा_बावडा | मंगळवार, सकाळी ७.१५

कुणीतरी उलटी बाजूही सांगायला हवी. आम्ही एका मुलाला ठेवलं आणि सहा आठवड्यांत त्याला दुसऱ्या घरी हलवावं लागलं. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच सगळ्या देशावर शिक्का नको.

तो दिवसभर फोनवर. जेवायला हाक मारली की "भूक नाही", आणि रात्री अकराला बिस्किटं. आम्ही हौसेनं पहिल्या रविवारी पन्हाळा, दुसऱ्या रविवारी जोतिबा, तिसऱ्या रविवारी खिद्रापूर. प्रत्येक पायरीवर मी माहिती सांगतोय आणि तो मान हलवतोय. क्लबला फोन केला तर "ॲडजस्ट होईल" यापलीकडं उत्तर नाही.

आता दोन वर्षांनी वाटतं, आम्ही त्याला एकही रविवार नुसता लोळू दिला नाही. पण तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

---

तपोवन_माळ | मंगळवार, दुपारी २.०५

आठवी_गल्ली, तुमच्या घरात आणि माझ्या घरात फरक एवढाच, की माझ्या सासूबाई ८१ च्या. २०२३ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या मेअखेरपर्यंत आमच्याकडे पोलंडची मुलगी होती. दुसरं घर मिळालं नाही म्हणून दहाच्या दहा महिने आमच्याकडेच. तिचं नाव इथं लिहीत नाही. सासूबाईंना ते म्हणताही यायचं नाही. पोलंडची म्हणून त्यांनी तिला "पोळी" केलं. आपल्याकडं रोजची ती चपाती आणि पोळी म्हणजे पुरणाची, त्यामुळं नाव गोडच पडलं.

पहिला आठवडा वाईट गेला. तिला वाटायचं, ताटात टाकणं म्हणजे घरच्यांचा अपमान. मला वाटायचं, पाहुणीचं ताट रिकामं दिसणं म्हणजे माझा अपमान. मी वाढतेय, ती संपवतेय. चौथ्या दिवशी पोर उलट्या करून आडवी. मग आमच्या मुलीनं तिला ताटावर आडवा हात धरायला शिकवलं. पण खरं शिकावं मला लागलं, कारण आडवा हात दिसल्यावरसुद्धा आपण बोटांच्या फटीतून अर्धी चपाती सरकवतोच की! तिचीही आजी असाच आग्रह करते म्हणे. फक्त ती आजी नातीचं तोंड बघून थांबते, आम्ही तोंडाकडं बघतच नव्हतो.

ती आली तो श्रावण, आणि त्या वर्षी अधिक महिनाही आलेला. नंतर गणपती. कोल्हापुरात येऊन दीड महिना मटणाचा तुकडा नाही. तिनं घरी कळवलं की हे शाकाहारी गाव आहे! गणपती उरकल्यावर तिला पहिल्यांदा मटणाच्या दुकानापुढची रांग दाखवली, तर म्हणाली, "ही माणसं इतके दिवस कुठं होती?"

दाराचं सांगते, कारण तुमचा प्रश्न तोच आहे. ती शाळेतून आली की खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आमच्या घरात दिवसा दार लावतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. सासूबाई बाहेर उभ्या राहून विचारायच्या, "पोळे, कोण बोललं काय तुला?" दर दहा मिनिटांनी. तिला तासभर एकटं बसायचं असायचं, बस्स. दिवसभर एकही शब्द नीट न कळणाऱ्या वर्गात बसून आल्यावर कुणालाही हवंच ते. शेवटी ठरलं, साडेपाचपर्यंत दार बंद आणि कुणी ठोठवायचं नाही, साडेपाचला चहा आणि मग दार उघडं. सासूबाई ५.२९ ला कप घेऊन दारात. पण ५.२९ लाच, आधी नाही.

कडी काढू नका हो. सासूबाईंना सांगा, बाहेरून उघडता येईल असं कुलूप बसवतो, आणि बसवाही तसंच.

---

रोज_चपाती | मंगळवार, दुपारी ३.२०

तपोवनताई, नाजूक प्रश्न विचारते. देवघर कडक म्हणताय, मग महिन्याचं काय केलंत?

---

तपोवन_माळ | मंगळवार, संध्याकाळी ६.४८

मला वाटलंच कुणीतरी विचारणार.

मी तिला आल्या आल्या सांगितलं होतं, त्या दिवसांत देवघरात जायचं नाही, आज्जींना चालत नाही. ती म्हणाली, ठीक आहे, आज्जीचं देवघर आहे. मला वाटलं सुटलो. पण सासूबाई दर महिन्याला विचारायच्या, "आहेस का बाजूला?" तिला अर्थ कळला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मी देवघरात जाणार नाही. पण ते मी सांगणार नाही."

म्हणजे नियम मान्य, जबानी द्यायची नाही. घरात दोन दिवस सन्नाटा. मी तेवीस वर्षं सांगत आलेय. मला कधी सुचलंच नव्हतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या दिवशी सासूबाई तिच्याशी बोलायला लागल्या. त्यानंतर त्यांनी तिला कधी विचारलं नाही. मलाही नाही.

---

पुणेकर_नाइलाजाने | मंगळवार, रात्री ८.१०

भाषेचं काय? दहा महिन्यांत मराठी आलं का तिला? आणि आलं असेल तर कोल्हापूरचं आलं असणार, ही काळजी आहेच.

---

तपोवन_माळ | मंगळवार, रात्री ९.३५

आलं, आणि कोल्हापूरचंच आलं!

गंमत ऐका. पोलिश भाषेत भूतकाळाचं क्रियापद बाईसाठी वेगळं आणि पुरुषासाठी वेगळं असतं, "मी" म्हणतानासुद्धा. त्यामुळं "मी आले" आणि "मी आलो" हा फरक तिला एका मिनिटात कळला. विभक्त्यांनाही घाबरली नाही, त्यांच्याकडंही सात आहेत. वहीत व्यवस्थित लिहून घेतलं, मुलगी "मी गेले", मुलगा "मी गेलो". शाळेत गेली तर वर्गातल्या सगळ्या पोरी "मी जातो गं", "मी जेवलो", "मी सांगितलो न्हाई तुला". तिसऱ्या दिवशी गंभीर चेहरा करून माझ्याकडं आली. "काकू, या सगळ्यांना मुलगे व्हायचंय का?"

मी सांगितलं, आपल्याकडं बायका असंच बोलतात. "पण तुम्ही लिहिता 'आले'." लिहिताना आले, बोलताना आलो. तिनं वहीत तिसरा रकाना आखला, "कोल्हापूर". दिवाळीपर्यंत चप्पल काढता काढता "आज्जी, आलो गं" अशी हाक यायला लागली.

डिसेंबरात क्लबच्या कार्यक्रमाला पुण्याला गेली होती. तिथं एका बाईंनी तिला सुधारलं. ती म्हणाली, "मला माहिती आहे. हे माझ्या आज्जीचं मराठी आहे."

---

पुणेकर_नाइलाजाने | मंगळवार, रात्री ९.४१

ती बाई माझी बहीण नसावी अशी आशा. माघार.

---

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ६.२०

पोलंडचं नाव निघालं म्हणून लिहितो. तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, पण परदेशी पाहुणे ठेवून घेण्याचा या गावाचा अनुभव क्लबांपेक्षा फार जुना आहे.

१९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. रशियानं त्यांना घरादारातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. ती मंडळी गेल्यावर त्याच जागेत फाळणीतले सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते.

माझी आई उचगावची. तिकडच्या बायका छावणीत भाजी विकायला जात. लहानपणी आम्हाला झोका देताना आई "येदेन, द्वा, त्शी" म्हणायची. आम्हाला ते एखादं बडबडगीत वाटे. ते पोलिश आकडे आहेत, एक-दोन-तीन, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी कळलं. तोवर आई नव्हती.

अवांतर: मुलांची ही अदलाबदलही युद्धाच्याच पोटातून आली आहे. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणारे अमेरिकी रुग्णवाहिका चालक होते. त्यांच्या एएफएस या संस्थेनं दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, शाळकरी मुलं एकमेकांच्या देशांत राहायला पाठवणं सुरू केलं.

---

तपोवन_माळ | बुधवार, सकाळी ११.३०

मास्तर, डोळ्यांत पाणी आणलंत.

आमच्या पोळीलाही वळिवड्याचं काही माहीत नव्हतं. सप्टेंबरात नवऱ्यानं तिला महावीर उद्यानातल्या, त्या छावणीच्या आठवणीत उभारलेल्या स्तंभापाशी नेलं, आणि घरी आल्यावर तिनं आईला जो फोन लावला तो दीड तास. पण तेव्हा ते फोटोपुरतंच राहिलं.

पितृपक्षात सासूबाईंनी पान वाढून गच्चीवर ठेवलं. कावळा येईना. ही त्यांच्याबरोबर उन्हात उभी. कुणासाठी, काय, सगळं विचारून घेतलं. नंतर म्हणाली, "आमच्याकडं हे एक दिवस असतं. एक नोव्हेंबर. सगळे कबरीवर दिवे लावायला जातात, रात्री सगळी दफनभूमी उजळते." आणि गप्प झाली. आजोबा आदल्या वर्षी गेले होते तिचे.

एक नोव्हेंबरला बुधवार होता. आपल्याकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्या छावणीतल्या लोकांच्या कबरी आहेत. तिनं मेणबत्त्या मागितल्या. दिवाळी दहा-अकरा दिवसांवर, बाजारात सगळीकडं पणत्या. सासूबाई म्हणाल्या, मेणबत्ती कशाला, वाऱ्यानं विझते. त्यांनी स्वतः वाती वळल्या, तेलाची बाटली दिली, आणि रिक्षात स्वतःही बसल्या. आम्ही नको म्हणत होतो, गुडघ्यांचं दुखणं आहे. ज्यांना कुणी ओळखत नाही अशा माणसांच्या कबरींवर दोघींनी मिळून पणत्या लावल्या. मी रिक्षावाल्याशी बोलत उभी होते, तो म्हणाला, "नातेवाईक काय?" मी हो म्हणाले. काय सांगणार दुसरं.

तिच्या आजोबांसाठी एक पणती जास्तीची आणली होती. ती आमच्या तुळशीपाशी लावली.

---

नाद_खुळा | बुधवार, दुपारी १२.०५

ताई, शब्द नाहीत.

मास्तर, तुमच्या आईंना नमस्कार.

---

रोज_चपाती | बुधवार, दुपारी १.१५

नाताळचं पण सांगा की. आमच्या ओळखीच्यांनी त्यांच्या पाहुण्यासाठी केक आणला तर तो रडायलाच लागला म्हणे.

---

तपोवन_माळ | बुधवार, रात्री १०.१०

आमच्याकडं कुणी रडलं नाही, पण धांदल विचारू नका.

त्यांचा मोठा दिवस पंचवीस नाही, चोवीस डिसेंबरची रात्र. विगिलिया म्हणतात. त्या रात्री मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात. २०२३ ला चोवीस तारीख रविवारी आली, म्हणजे एरवी आमच्या घरात मटणाचा दिवस. पण मार्गशीर्ष चालू होता. सासूबाईंना इतका आनंद झाला! "बघा, त्या पोरीच्या देवालापण मार्गशीर्ष कळतो." मासे तेवढे तिनं आपणहून सोडले.

बारा पदार्थ लागतात. ती दोन दिवस यादी घेऊन हिंडत होती. पिएरोगी म्हणून त्यांचा प्रकार आहे, करंजीसारखाच, पण आत बटाटा आणि पाण्यात उकळलेला. सोबत बिटाचं सार. बाकीचे दहा कुठून आणायचे? सासूबाईंनी सांगितलं, वरण एक, भात दोन, कोशिंबीर तीन, लोणची दोन प्रकारची म्हणजे पाच, खर्डा सहा... बारा कसले, आमच्या रोजच्या ताटात नऊ असतात. खर्डा धरायचा की नाही यावर वाद झाला, शेवटी धरला.

पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नाही. संकष्टीला चंद्राची वाट बघणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागलं नाही. आईनं तिला पोस्टानं पातळ पापडासारखी वडी पाठवली होती. प्रत्येकानं दुसऱ्याच्या हातातल्या वडीचा तुकडा मोडायचा आणि त्याला चांगलं चिंतायचं. सासूबाईंनी विचारलं, उष्टं होत नाही ना? हातानंच मोडायचं म्हटल्यावर तयार झाल्या.

आणि एक ताट जास्तीचं मांडायचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्यांच्याकडं म्हण आहे, "गोश्च व दोम, बूक व दोम", पाहुणा घरात तर देव घरात. एरवी ते ताट रिकामंच राहतं म्हणे. आमच्याकडं आठच्या सुमारास बेल वाजली, गवळीमामा महिन्याच्या हिशोबाला आलेले. पोळीनं त्यांचा हात धरून त्यांना आणून बसवलं. ते "अहो न्हाई, जेवून आलोय" म्हणतायत, ही ऐकत नाही. बोटांच्या फटीतून चपाती सरकवायला कुठं शिकली ते तुम्हाला माहितीच आहे.

---

नाद_खुळा | बुधवार, रात्री १०.२२

गवळीमामांना बिटाचं सार कसं लागलं?

---

तपोवन_माळ | बुधवार, रात्री १०.३१

"गोड हाय." यापुढं काही बोलले नाहीत. पण पुढच्या चोवीस डिसेंबरला ती नसतानाही बरोबर आठला आले. ताट मांडलेलं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. २०२४ ची रंगपंचमी शनिवारी, तीस मार्चला. गल्लीत कोण कुणाला ओळखेना. रविवार त्यांचा ईस्टर. सोमवारी सकाळी सहाला नवरा पेपर वाचतोय आणि मागून डोक्यावर तांब्याभर गार पाणी. त्यांच्याकडं ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांना भिजवायचं असतं! नवरा ओरडला, "अगं झाली की रंगपंचमी!" ती म्हणाली, "तुमची झाली, आमची आज." वर तारीख एक एप्रिल, त्यामुळं दुपारपर्यंत त्यांना हे सगळं खोटंच वाटत होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला त्यांनी अभिवादन केलं. ती बातमी मला टीव्हीच्या आधी तिच्याकडून कळली. खाली लिहिलं होतं, "आज्जीला सांगा. आपलं गाव."

---

कसबा_बावडा | गुरुवार, सकाळी ८.००

हे सगळं वाचून छान वाटलं आणि थोडं टोचलंही. तुमची पोळी बोलकी होती, आमचा नव्हता. नशिबाचाही भाग असतो, हे आठवी_गल्लींनी धरून चालावं.

काल रात्री त्याला दोन वर्षांनी मेसेज केला. निळी खूण आलीय, उत्तर नाही.

---

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ८.४०

उत्तर येईल. पोरं उशिरा लिहितात.

आठवी_गल्ली, ब्राझीलची आली तर एक गंमत करा. त्यांची भाषा पोर्तुगीज. चावी, बादली, साबण, पाव, बटाटा, घमेलं हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतलेत. पहिल्या दिवशी घर दाखवताना इंग्रजी शब्द वापरू नका, हे मराठीत म्हणा आणि तिचं तोंड बघा.

---

आठवी_गल्ली | तीन महिन्यांनंतर, शुक्रवार, सकाळी ६.५०

धागा वर काढतेय. ब्राझीलचीच आली. पुण्याहून गाडीनं काल रात्री अकराला पोचली. मुलगा गेल्याला नऊ दिवस झाले, त्यामुळं मी कशी होते ते विचारू नका. नाद_खुळा, पेठ अजून ठरलेली नाही, कृपया गल्लीत येऊन विचारू नये.

कडी काढून कुलूप बसवलंय, दुसरी चावी माझ्याकडं. सासूबाई जाग्या होत्या. औक्षण केलं, आणि तिची चावी तिच्या हातात त्यांनीच ठेवली. मास्तरांचं सांगून ठेवलं होतं, म्हणून मोठ्यानं म्हणाल्या, "चावी." ती दमून गळून गेलेली. चावीकडं बघितलं, सासूबाईंकडं बघितलं, म्हणाली, "शावी?" सासूबाई म्हणाल्या, "तसंच म्हण."

जेवायला वरणभात. दुसऱ्यांदा वाढायला गेले, तिनं मान हलवली, मी डाव मागं घेतला. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

ऑनलाइन फॉर्म भरून झालाय. ती आतून कुलूप लावून झोपलीय. सासूबाई दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. अजून ठोठावलेलं नाही.